चेपणारी नळी

उदगीर, शनिवार, संध्याकाळ

आज समाधान आहे. जुनी घेतलेली जीप एकदाची तापायची थांबली.

लातूर जिल्हा झाला तसे डोळ्यांचे डॉक्टर तिथं बसू लागले. सासूबाईंना दर आठवड्याला न्यावं लागतं. पण गाडीनं वेग घेतला की इंजिन तापायचं आणि ते गार होईपर्यंत वाटेत कुठल्यातरी हॉटेलपाशी थांबावं लागायचं. ह्या दुष्काळात रेडिएटरसाठी घागरभर पाणी मागायचं तरी कोणत्या तोंडानं? रेडिएटर साफ केला, पंख्याचा पट्टा बदलला, तरी तेच. उभ्या गाडीत सगळं ठीक, हेच डोकं खात होतं.

काल मी ॲक्सिलेटर दाबून बसलो आणि बायकोला, सुमनला, उघड्या बॉनेटपाशी उभं केलं. ती ओरडली, "अवो, खालची रबरी नळी आत चेपून राहिली की!"

उतरून बघतो तर नळी पुन्हा गोल. परत दाबला, परत चेपली. म्हणजे वेग वाढला की पंप जोरात पाणी ओढायचा आणि मऊ पडलेली नळी मिटून वाटच बंद करायची. खाली बघायचं मला कसं सुचलं नाही? लगेच नवी नळी बसवली.

आज लातूरची अर्धी वाट झाली तरी तापमानाचा काटा मधेच होता. मी खुशीत, शेजारी सुमन. तेवढ्यात मागून सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, आज काय बिघडलं? गाडी कुठंच थांबली न्हाई. मग चहा कधी पाजणार?"

धडधाकट चाललेली गाडी मी पुढच्या हॉटेलपाशी मुद्दाम उभी केली. सुमन हसतच खाली उतरली.