पेन्सिलीनं लिहिलेलं नाव

१२ मे १९७७
घेतलं मला! म्हणजे, सप्टेंबरपर्यंत घेतलं. "पुढचं पुढे बघू," असं फॉन्स म्हणाला. तो मॅनेजर, त्याच्यापुढे काय बोलणार? सिल्वेटा या तिघींच्या गाण्याच्या गटातली आनेके लग्न करून कॅनडाला गेली, तिच्या जागी मी. तिचाच रुपेरी झगा मिळालाय. आत तिच्या नावाची पट्टी आहे. "उसवू का?" विचारलं, तर म्हणतो, "असू दे गं, सप्टेंबरात कोण परत शिवत बसेल!" मेला!

पण मी मधे गाणाऱ्या तोसच्या शेजारी उभी राहणार! तिच्या रेकॉर्ड ऐकून ऐकून मी आईचं डोकं उठवलं होतं.

२० मे
टिलबर्गला, पार दक्षिणेत, तोसच्या आईकडे तालीम. इथे बिस्किटांचा डबा उघडाच ठेवतात! आमच्याकडे उत्तरेत एक दिलं की झाकण बंद.

संडासाच्या भिंतीवर वाढदिवसांचं कॅलेंडर, सगळ्यांकडे असतं तसं. आनेके अजून आहे त्यावर. तोसच्या आईंनी माझी तारीख विचारली, १९ ऑक्टोबर, आणि लगेच आत जाऊन लिहिली. पण पेन्सिलीनं! मी बघतच राहिले. "शाई घरच्यांना गं," म्हणाल्या. चूक काहीच नाही. तरी लागलं मनाला.

४ जून
जत्रेतला तंबू, बिअरचा वास, तीनशे माणसं. मधे तोस, उजवीकडे मीप, डावीकडे मी. दुसऱ्याच कडव्यात माझा श्वास चुकला. तोसनं गाता गाता माझ्या पाठीवर दोन बोटं टेकवली. टक टक. इथे घे! पुढच्या प्रत्येक कडव्यात तेच. समोर कुणाला कळलंसुद्धा नाही. काय बाई आहे ही! चाळीशीला आलीय, इस्त्री स्वतः करते, आणि वरचा सूर असा लावते की तंबूतले पिणारेसुद्धा गप्प होतात.

२ जुलै
टीव्हीचं चित्रीकरण. गाणं टेपवर, आपण नुसते ओठ हलवायचे. तोस मात्र मोकळ्या गळ्यानं गात होती. मी म्हटलं, कशाला दमतेस? "नुसते ओठ हलवले की गळा खोटं बोलतो, पोरी. आणि कॅमेरा गळ्यावरच असतो."
आता मीपण गाते.

२३ जुलै
गाडीत तोस मला तिचा भाग म्हणायला लावते. रोज! "पुन्हा. तोंडात बटाटा आहे का? पुन्हा." मीप म्हणते, "काय गं रिंस्के, मधल्या जागेवर डोळा?" मी लाल! तोस परीक्षा घेतेय, सप्टेंबरची. दुसरं काय असणार?

१९ ऑगस्ट
परत टीव्ही. माझ्या शेजारी आवाजच नाही. तोसचे नुसते ओठ हलत होते.

नंतर मेकअपच्या खोलीत घोगऱ्या आवाजात म्हणाली, "गळ्यात गाठी आहेत. सोमवारी कापणार. फॉन्सला मी सांगेन, तू रडू नकोस, काजळ ओघळेल."
रडलेच.

३० ऑगस्ट
डॉक्टर म्हणतात, सहा आठवडे एक शब्द नाही. आणि गाणं? ते बहुतेक संपलंच. फॉन्स म्हणाला, "तोस नाही तर सिल्वेटा कसली? शनिवारी झगा तिच्या आईकडे नेऊन दे." मीपनं त्याला शिव्या घातल्या. तिची सगळी गाणी मला पाठ आहेत, आणि मी एक अक्षर बोलले नाही.

३ सप्टेंबर
झगा घडी करून नेला. तोस तिथे आईकडेच गळ्याला रुमाल बांधून बसलेली, हसली नुसती. हातातला झगा घेईना. संडासाकडे बोट दाखवलं. मला जायचं नव्हतं, तरी ढकललंच.

ऑक्टोबरचं पान. पेन्सिल खोडलेली. तिथे निळी शाई, अक्षर तोसचं: रिंस्के. आणि खाली बारीक अक्षरात: आता मधे हिनं उभं राहायचं. फॉन्स हो म्हणाला.

मी आतच रडत बसले. श्वास सापडेना.

बाहेरून दारावर: टक टक.