आमच्या खिडकीपुढं थांबलेला बँड

अप्पा, गेल्या आठवड्यात मी दारू पिणाऱ्या माणसांत दोन तास बसून आले. तुमच्या तोंडाला शिंदीचा वास येतो म्हणून दहा वर्षांची असताना तुमच्या हातचा घास नको म्हणणारी मी. तुम्ही असता तर खोकला येईपर्यंत हसला असता.

तुमचा नातू नाशिककडं द्राक्षाची वाईन करतात त्या कारखान्यात आहे. बाटल्या भरायच्या ठिकाणी देखरेख करतो. गुलबर्ग्याच्या आमच्या गल्लीत मी दोन वर्षं झाली, तो ज्यूसच्या कंपनीत आहे असं सांगते. त्याला ते ठाऊक आहे. "आई, दारू न्हाई ती, वाईन हाय," म्हणतो, आणि मी म्हणते बाटलीत भरतेत नं, मग झालं. उन्हाळ्याची मी त्याच्याकडं गेले होते. त्यांच्या कंपनीनं नदीकाठी जत्रा भरवली होती, वाईनची आणि जाझ म्हणून एक विलायती वाजवणं असतं त्याची. सगळ्यांनी घरच्यांना आणायचं होतं. मला एकादशी आहे म्हणून मी टाळायला बघितलं, तर तो म्हणाला एकादशी परवा झाली, मीच की तुला साबुदाणा आणून दिलो. मग काय बोलणार. हिरवं लुगडं नेसले, मल्लण्णाचा भंडारा कपाळाला लावला आणि गेले.

नदी धरणाच्या खालची, भर उन्हाळ्यात पाणी असलेली. आपल्या मुडबीच्या नदीला चैत्रात नुसती वाळू असायची, बायका झिरा खणून वाटीवाटीनं घागर भरायच्या. त्याच वाळूत तुम्ही दुपारची मेंढरं बाभळीखाली बसवून क्लारनेटवर हात बसवलात. आधी बासरी होती. मग चिटगुप्प्याच्या बँडमास्तरनं तुम्हाला बाजारात ऐकलं आणि क्लारनेट हातात दिलं. घरात वाजवलं की माय म्हणायची, म्हस दूध चोरायली, जावा नदीला. मी तुमच्यामागं यायची. वाजवायच्या आधी तुम्ही ती बोरूची पातळ पत्ती तोंडात धरून बसायचात, ती ओली झाल्याबिगर सूर निघायचा नाही. तेवढा वेळ तुम्हाला बोलता यायचं नाही. तेवढ्यात मी माझी सगळी गाऱ्हाणी सांगून घ्यायची. मायनं मारलं, बाई रागावल्या, मी मारुतीच्या देवळातला गूळ खाल्ला. तुम्ही नुसती मान हलवायचात. पत्ती काढून क्लारनेटला बांधली की माझी वेळ संपली.

त्या वाईनच्या जत्रेतही तसंच झालं. पांढऱ्या तंबूखाली खुर्च्या मांडलेल्या, लोकांच्या हातात लांब दांडीचे काचेचे पेले. वाजवणारे पाचजण. त्यातला एक म्हातारा, काळं जाकीट घातलेला, आपल्यासारखाच रंगानं. पेटी उघडून त्यानं पत्ती काढली, ओठात धरली आणि नदीकडं बघत गप्प बसला. अजून एक सूर वाजला नव्हता, तरी मी खुर्चीत सरळ होऊन बसले.

मग तो वाजवायला लागला. ते वाजवणं मला कळलं असं म्हणणार नाही. चाल धरली म्हणेपर्यंत सोडून द्यायचा, भलतीकडंच जायचा. पण मधला श्वास तुमचा होता, वर चढताना फाटल्यासारखा होणारा. एक गाणं झालं की तो खाली ठेवलेला पेला उचलून सगळ्यांपुढं घोटभर प्यायचा, रुमालानं ओठ पुसायचा. कुणी नाक मुरडलं नाही. शेवटी लोक उठून उभे राहिले. माझ्या पोराच्या साहेबांनी त्याला स्वतःच्या शेजारी खुर्ची दिली, साहेबांच्या बाईंनी ताट आणून हातात दिलं. तुमची बँडपार्टी वरात मांडवात पोचवून मागं कुडाजवळ बसायची. सगळी पंगत उठल्यावर पत्रावळी यायच्या, भात गार झालेला असायचा. तुम्ही बुंदी खायचा नाहीत, रुमालात बांधून मला आणायचात. लाल कोटाचा रंग घामानं त्या रुमालाला लागलेला असायचा. त्याच वाजवण्यावर मी मॅट्रिक झाले.

पोरगं माझ्याकडं वाकून म्हणालं, "आई, गावात म्हणतेत, आजा बी कायतरी वाजवायचे. हेच काय ते?"

मी म्हटलं, "बासरी. मेंढरामागं."

मग तो मित्रांकडं गेला. मला कुणीतरी द्राक्षाचा रस दिला होता, नुसता रसच होता तो. मी तो हळूच वाळूत ओतला.

अप्पा, तो वैशाखातला दिवस तुम्हाला आठवत असेल. ह्यांना तूरडाळीच्या मिलमध्ये नुकतीच कायमची नोकरी लागली होती, आम्ही नवीन कॉलनीत मधल्या मजल्यावर खोल्या घेतल्या होत्या. शेजारी सगळे मास्तर नाहीतर ऑफिसातले. माझे वडील शेती करतात असं मी सांगितलेलं, ते काही खोटं नव्हतं. त्या दुपारी माझ्याकडं चैत्रातलं राहिलेलं हळदीकुंकू होतं. आठ-दहा बायका बसलेल्या, पन्हं झालेलं, आंब्याची डाळ वाटायची चाललेली, आणि रस्त्यावर वरात आली. बायका उठून खिडकीशी गेल्या, मीही गेले. बँड चिटगुप्प्याचा होता. पुढं तुम्ही, लाल कोटात, खांद्यावरची एक गुंडी तुटलेली. तुम्ही वर बघितलात. तुम्ही घर शोधतच आला असणार, कारण मला बघितलं आणि चालू असलेलं गाणं सोडून नदीच्या वाळूत मला ऐकवायचात ती चाल धरलीत, आपली, जी दुसऱ्या कुणाला माहीत नाही. गाल फुगलेले, डोळे हसताहेत. ढोलवाला गोंधळून तुमच्याकडं बघायला लागला.

शेजारच्या मास्तरीणबाई मला म्हणाल्या, "तो म्हातारा तुमच्याकडंच बघून वाजवायलाय की. वळखीचा हाय काय?"

मी म्हटलं, "न्हाई हो. प्यालेला दिसतोय."

जोरात म्हटलं, अप्पा. बाहेर ऐकू जाईल एवढं. आणि ऊन येतंय म्हणून खिडकी लावली. बायका परत सतरंजीवर बसल्या. मी डाळ वाढते म्हणून वाडगा घ्यायला मागं राहिले. तेवढ्यात बँड थांबला. ढोल नाही, खुळखुळा नाही, नुसता माणसांच्या चपलांचा आवाज घरावरून जात राहिला. मास्तरीणबाईंनी हातातली वाटी खाली ठेवली. "अगंबाई, बँड कामून थांबला? वरच्या मजल्यावर कोण वारलं काय?"

त्यांना रीत माहीत होती. मला त्यांच्याहून जास्त माहीत होती, कारण तुम्हीच शिकवलेली. देऊळ आलं, दर्गा आला की वाजवणं बंद, क्लारनेट कपाळाला लावायचं आणि मान लववून पुढं जायचं. ज्या घरात माणूस गेलंय त्या घरापुढंही बंद, पण तिथं कपाळाला लावायचं नाही. तोंड जमिनीकडं करून काखेत धरायचं आणि वर बघायचं नाही. लहानपणी मी मुसळ घेऊन दोन्ही करून दाखवायची, आणि तुम्ही म्हणायचात, चुकू नको माय, जित्या घराला मेल्याची रीत लागू नये.

दिवाळीला मी मुडबीला आले. काय बोलावं ते ठरवत मी बसमध्ये बसले होते. तुम्ही घोंगडीवर बसून मेंढीच्या खुराला तेल लावत होता. वर न बघताच म्हणालात, "घावलं होतं तुझं घर. खिडकी लावलेली होती. ऊन लई होतं त्या दिवशी."

मी म्हटलं, "मी आत कैरी किसत होते अप्पा. कळलंच न्हाई मला."

"व्हय व्हय. वाटलंच मला. म्हणून बँड थांबवलो. देवळापुढं थांबतोय, तर लेकीच्या दारापुढं बी थांबावं की."

मला केवढं बरं वाटलं तेव्हा. मी चहा केला, तुम्ही बशीत ओतून प्यालात. निघताना तुम्ही मला क्लारनेटच्या पत्त्या ठेवायची ती चपटी डबी दिलीत, सुया ठेव म्हणालात. डबी रिकामी होती. पत्त्या कुठं गेल्या हे मी विचारलं नाही. पुढं दोन वर्षांनी तुम्ही गेलात तेव्हा गावातल्यांनी सांगितलं की त्या वैशाखानंतर तुम्ही क्लारनेट हातात घेतलंच नव्हतं, दम लागतो म्हणून सांगायचात. मीही तेच धरून बसले. दर सोमवारी मल्लण्णाला दिवा लावते, सगळ्यांच्या नावानं मागते, तुमच्या नावानं मागायला गेले की शब्द अडतो. सुया अजून त्याच डबीत आहेत.

पोरगं आता फोन करतं, विचारतं, आई ती जत्रा आवडली का. मी म्हणते मला काय कळतंय त्यातलं. हे लिहिलेलं कुठं टाकायचं नाही, पोथीच्या फडक्यात राहील. पण आता तुमच्या तोंडात पत्ती आहे, तुम्हाला उत्तर देता येत नाही, असं समजते आणि राहिलेलं सांगून घेते. मी कैरी किसत नव्हते. खिडकीच्या फटीला डोळा लावून उभी होते. तुम्ही क्लारनेट कपाळाला लावलं नाहीत. काखेत धरलं होतंत, तोंड खाली करून.