एकच औषध उरलं होतं

प्रिय ताई,

तीन वर्षांनी माझं अक्षर बघून दचकू नकोस. सगळं ठीक आहे. हे इस्पितळातून घरी आलेत आणि चहात साखर कमी पडली म्हणून कुरकुरतायत, म्हणजे ठणठणीत आहेत.

कोंबड्यांच्या शेडची जाळी बदलताना यांच्या तळहातात तार घुसली. पट्टी बांधून कामाला लागले. आठवड्यात हात कोपरापर्यंत सुजला. गोळ्यांचे दोन कोर्स झाले, तरी ताप हटेना. इस्पितळात नेलं तेव्हा हे मला ओळखत नव्हते. जखमेतला पू तपासायला पाठवला. दोन दिवसांनी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अकरा औषधं लावून पाहिली. दहांना हा जंतू दाद देत नाही." उरलेल्या एकाची इंजेक्शनं सुरू झाली. चौथ्या दिवशी कपाळाला हात लावला, तर गार! मी तिथेच, परक्या बायकांसमोर, ढसाढसा रडले.

मग बाईंनी विचारलं, "कोंबड्यांना काय देता?" सांगितलं, पाण्यातून जंतू मारायचं औषध, पिल्लं आल्या दिवसापासून, आजारी असोत-नसोत. त्या म्हणाल्या, "हा जंतू तिथूनच आला असं छातीठोक नाही सांगता येणार. पण रोज औषध दिलं की असे जंतू तिथे पोसले जातात, खतातून, सांडपाण्यातून बाहेरही पडतात." तीन वर्षांपूर्वी तू हेच सांगत होतीस. आणि मी काय म्हणाले होते? "तू तुझ्या प्रयोगशाळेत काचा पूस, माझ्या कोंबड्या मी बघते."

या खेपेला औषध बंद केलं. पक्षी कमी घेतले, जमिनीवरचा भुसा कोरडा ठेवला, आत जाताना चपला बदलायला लागलो. रोज सकाळी जीव मुठीत धरून दार उघडायची. काल खेप विकली गेली. दरवेळेपेक्षा एकही पक्षी जास्त दगावला नाही, ताई!

आता खरं सांगते. घरी सोडताना बाई म्हणाल्या, "प्रयोगशाळेतल्या बाईंनी स्वतः फोन केला होता. म्हणाल्या, कागदाची वाट बघू नका, हेच औषध आत्ता सुरू करा." मी रिपोर्ट मागून घेतला. खाली तुझी सही. यांचं नाव वाचूनही तू कुणाला काही बोलली नाहीस. दीड महिना तो कागद उशाशी घेऊन झोपतेय, पण फोन उचलायचा धीर होत नाही. रविवारी येशील? हे दारात उभे राहतील. मी आत लपले तर ओढून बाहेर काढ.

तुझीच,
हट्टी धाकटी