माझ्या आडनावातला चौकोन

मंगळवार संध्याकाळ, अड्यार

सगळ्या नव्या फोनवर आमचं अ‍ॅप नीट चाललं. एका जुन्या फोनवर मात्र माझंच आडनाव फुटलं. कुऱ्हाडे टाईप केलं, तर 'ऱ्हा'च्या जागी रिकामा चौकोन! मी टेस्ट फेल केली.

आमचा मॅनेजर कार्तिक म्हणाला, "पास पण्णिडु, करून टाक पास. चेन्नईत मराठी वाचतं कोण?"

मी वाचते. इथल्याच आवडी उपनगरात राहणारे माझे बाबा वाचतात, आणि त्यांचा फोन अगदी असाच जुना आहे.

मी विचारलं, "'तमिळ'मधल्या ळचा चौकोन झाला असता, तर केलं असतंस पास?" मग म्हणे, ते वेगळं. काय वेगळं?

फेल म्हणजे फेल. रिलीज अडलं, तर कुऱ्हाड माझ्यावरच पडणार. पडू दे. पण चौकोनवाली नको, अख्खी पडू दे!