एका इंटिग्रलची दोन उत्तरे

बाई,

गणित एकच, दोघांनी सोडवले, उत्तरे निराळी आली आणि तरी दोन्ही बरोबर, हे कोडे इंटिग्रेशन शिकणाऱ्या प्रत्येकाला एकदा तरी पडते. साइन एक्स गुणिले कॉस एक्स घ्या. साइनला टी मानले की साइनच्या वर्गाचा अर्धा येतो. कॉसला टी मानले की कॉसच्या वर्गाचा अर्धा, पण उणे. पायऱ्या दोन्हीकडे निर्दोष. बारावीत माझे उत्तर कॉसमध्ये आले, पुस्तकामागे साइन होते. मी घाबरून मध्ये एक खोटी पायरी घातली आणि उत्तर जुळवले. कोपरखैरण्याच्या तुमच्या स्वयंपाकघरात, कणीक मळता मळता तुम्ही ती वही वाचत होतात. "वरची ओळ खरी, खालची खरी. मधली कुठून आणलीस गं?" "पुस्तकाशी जुळत नव्हतं, बाई." "मग पुस्तकालाच दाखवायची होतीस वही. माझ्याकडे कशाला आलीस?"

तुम्हांला जाऊन अकरा वर्षे झाली. मी आता कामोठ्यातल्या एका क्लासमध्ये हेच शिकवते, आणि तुमच्याइतक्याच उत्साहाने. काल चाचणीचे पेपर उत्तरसूची शेजारी ठेवून तपासले. सूचीत साइन होते; याच गणिताचे उत्तर कॉसमध्ये आले म्हणून एका मुलीचे चार गुण कापले. त्या चार गुणांमुळे ती वरच्या बॅचमधून बाहेर पडते. आज दुपारी ती टेबलापाशी आली. "मॅडम, कुठची स्टेप चुकली तेवढं सांगा ना. मला सापडतच नाहीये." मी एकेक ओळ बोटाने वाचत गेले. एकही चुकलेली नव्हती. मागून क्लासचे मालक म्हणाले, "मॅडम, पाचला लिस्ट लावायचीय. एकीचं वाढवलं तर सगळी पब्लिक येईल वाढवायला." मी मुलीला म्हणाले, "उत्तर जुळत नाही." ती "ओके मॅडम" म्हणाली, आणि माझ्यादेखत पेनाने स्वतःचे बरोबर उत्तर खोडले.

ते बरोबर आहे हे मला बोलण्याआधीच कळले होते. हे तुमच्यासमोर मला कधीच म्हणता आले नसते, म्हणून कागदावर लिहिते आहे. तो कुठे पाठवायचाही नाही. साडेचार वाजले आहेत, ती अजून खाली जिन्यापाशी बसली आहे. मी तिला वर बोलावते आहे. मालकांच्या देखत फळ्यावर एकच ओळ लिहायची आहे: एका उत्तरातून दुसरे वजा करा. एक्स उरला, तर कुणीतरी चुकले. नुसती संख्या उरली, तर दोन्ही उत्तरे खरी. इथे अर्धा उरतो.