मिलिंददादा लंडनला

११ डिसेंबर १९९३, धुळे
टी.वाय.ला भारतीय इंग्रजी कादंबरी. फळ्यावर 'जागतिक दृष्टी' लिहिलं. मागच्या बाकावरून, "मॅडम, मराठीत सांगा ना." सांगितलं. लावलेल्या तिन्ही कादंबऱ्यांत कुणी ना कुणी परदेशी राहतं. वर्गातल्या निम्म्यांनी नाशिकही पाहिलेलं नाही. मी तरी पुण्यापुढे कुठे गेले?
दुपारी कॉलेजच्या ऑफिसात दिल्लीहून फोन. प्रकाशनाच्या संपादक बाई. माझी कादंबरी वाचली, इंग्रजी आवडलं. पण "तुमचा नायक धरणगावातच मरतो. बाहेरच्या वाचकाने त्यात शिरायचं कुठून?" त्याला परदेशी पाठवा, म्हणाल्या.
नायक नाही तो, माझा मोठा भाऊ. हे बोलले नाही. बरं म्हटलं.

१४ डिसें.
मिलिंददादा जिनिंगमध्ये कापसाच्या ढिगाखाली गुदमरला. बाविसाव्या वर्षी. ते प्रकरण लिहायला वर्षं गेली. आज काढून टाकलं. शिष्यवृत्ती दिली, लंडनला धाडला. एका दुपारीत झालं सगळं. इतकं सोपं होतं तर

१९ डिसें., जळगाव
सुट्टीचं मायकडे. अंथरुणावरच असते आता. शेजारच्या शकुंतलाअक्का तिचं बघतात. मी पानं घेऊन बसलेली.
"काय लिखी ऱ्हायनी?"
सांगून टाकलं. पुस्तकात दादा मरत नाही, लंडनला जातो. वाटलं, शिव्या देईल. पानांवर हात ठेवून म्हणाली,
"आपली बोलीमा तं मरी गया तो. इंग्रजीमा ऱ्हाऊ दे जित्ता."
मग त्याच्या जेवणाची काळजी, "तठे काय खास तो?"

२ जाने. ९४, रात्री, धुळे
लंडनची थंडी मी धुळ्याच्या थंडीवरून लिहिली. मायला पुरत नाही. त्याले स्वेटर शे का? खोलीमा उजेड येस का? विचारेल तसं अहिराणीत रचत जाते. स्टोव्हवर भाकरी भाजतो. शेजारी एक गोरी म्हातारी, तिला ठेचा देतो, ती खोकून खोकून लाल. माय हसली. तोंडावर पदर धरून. दादा गेल्यापासून अशी
यातलं इंग्रजीत काही उतरत नाही. परतीच्या बसमध्ये पारोळ्यापर्यंत खटपट केली. 'ठेचा' शब्दालाच अडले. पान फाडलं.

१६ जाने., जळगाव
शकुंतलाअक्कांनी जिन्यात अडवलं. "तुनी माय येनारा-जानारा बठ्ठास्ले सांगस, मिलिंद विलायतले शे, उन्हाळामा येई. काय सांगं तू तिले?"
मायजवळ बसून समजावलं. दादा गेला माय. तूच त्याच्या केसांतला कापूस वेचलास. माझ्याकडे असं बघितलं, की जणू आत्ता, या खोलीत, मीच त्याला मारलं. भिंतीकडे तोंड केलं. जेवली नाही.

१९ जाने., धुळे
पुन्हा दिल्ली. बाई लंडनच्या भागावर खूश. एकच म्हणणं, शेवटी त्याने परतू नये. "इकडचाही नाही, तिकडचाही नाही, हेच तर आजचं जग." खरंच आहे. वर्गात मीही हेच सांगते, मुलं उतरवून घेतात. महिनाअखेर पानं हवीत.
माय वाचू शकत नाही त्या भाषेत लिहिते. मायशी बोलते त्या भाषेत मला एक ओळ लिहिता येत नाही. कुणासाठी चाललंय हे? खिडकी उघडायचाही कंटाळा.

२३ जाने., जळगाव
माय आठवडाभर नीट जेवलेली नाही. डॉक्टर म्हणतात, वय झालं. मनगटाची नुसती हाडं.
"आते बोलाव ना त्याले घर. माले देखनं शे."
दादा गेला, हेच पुन्हा सांगणार होते. तोंडातून निघालं, "निंघना माय. तठून निंघना तो."
उठून बसली. अर्धी भाकर दुधात कुस्करून खाल्ली. विचारलं, कोठलोंग उना व्हई?
जवळच आलाय, म्हटलं.
आता डोळा लागलाय तिचा. दिल्लीला द्यायची पानं पुढ्यात आहेत, त्यांत त्याने परतायचं नाही. त्याला विमानात बसवलं. उतरवायचा कुठे, ते