मेंबरचा असिस्टंट

८ डिसेंबर, सोमवार
उर्वशीला सिहोऱ्याच्या गाडीत बसवून आलो. मोनिकाची दुसरी डिलिव्हरी जवळ आली आणि तिच्या सासूचा हात नेमका आत्ताच फ्रॅक्चर झाला. म्हणजे पोरीजवळ आईलाच जाणं आलं. गाडीत चढताना उर्वशी माझ्या तब्येतीबद्दल काही बोलेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "मेंबरले येगळं खाऊ घालजा. अन् त्याचं खाऊन होईस्तोवर बाजूलेच उभे राहाजा."
मेंबर म्हणजे परसातला आमचा कोंबडा. चाल ग्रामपंचायतीच्या मेंबरसारखी, म्हणून उर्वशीनेच ठेवलेलं नाव. त्याच्या हाताखाली सगळ्या कोंबड्या.
जवाहरनगरच्या फॅक्टरीत मी पूर्ण सेक्शन सांभाळला. हे काय मोठं काम आहे? संकल्प : रोज सहाला उठणे. पाणी बदलणे. कणी-कोंडा भिजवणे. उर्वशी परत येईल तेव्हा तिला आपल्या कोंबड्या ओळखू येऊ नयेत, इतकी सुधारणा करणे.

९ डिसेंबर
उठलो साडेआठला. थंडी फार. कोंबड्यांनाही थंडी बाधू नये म्हणून खुराडं मुद्दामच उशिरा उघडलं. शेजारच्या ललिताबाई भिंतीवरून म्हणाल्या, "भाऊ, मेंबर कवाचा कोकलून राहिला ना!" मी म्हटलं, ते त्याचं कामच आहे.

११ डिसेंबर
कणी-कोंडा बंद. हात चिकट होतात. तयार खाद्याचं पोतं आणलं, अंडी वाढवणारं. दुकानदार म्हणाला, कोंबडा असेल तर त्याला हे देऊ नका, हे फक्त अंड्यावरच्या कोंबड्यांचं, यात कॅल्शियम जास्त असतं. मी म्हटलं, आमच्या घरी भेदभाव चालत नाही. माझं वाक्य मलाच आवडलं.

१३ डिसेंबर
आज निरीक्षण केलं. खाद्य टाकलं की मेंबर एक दाणा उचलतो, खाली टाकतो आणि टुक-टुक करून सगळ्यांना बोलावतो. त्या तुटून पडतात. हा मान वर करून घार येते का ते पाहत उभा. त्याची पाळी येईस्तोवर टोपलं साफ. याला म्हणतात लीडरशिप!
वेगळं खाऊ घालणं दोनदा करून पाहिलं. कोंबड्या तिथेही घुसतात. काठी घेऊन उभं राहावं लागतं, आणि ऊन असतं परसाच्या दुसऱ्या टोकाला, जिथे माझी खुर्ची आहे. शिवाय लीडरला स्पेशल वागणूक दिली की टीमचा मोराल पडतो. योजना रद्द.
संध्याकाळी फोन. उर्वशीने विचारलं, "मेंबर जेवला का?" मी म्हटलं, जेवला. म्हणजे जेवण त्याच्यासमोर होतं. याला खोटं म्हणता येणार नाही.

१६ डिसेंबर
मोनिकाला मुलगी झाली! दोघी बऱ्या आहेत. उर्वशी फोनवर रडली, हसली, परत रडली. मग म्हणाली, "अन् मेंबर?"
मस्त आहे, म्हटलं.
फोन ठेवल्यावर त्याला उचलून पाहिलं. छातीचं हाड हाताला लागलं. स्लिम झाला आहे. या वयात चांगलंच. रात्री जेवण गेलं नाही. दुपारची वांग्याची भाजी बाधली असावी.

१८ डिसेंबर
मेंबर आरवत नाही. भिंतीला टेकून बसतो. विचार केला आणि कारण सापडलं : वर्कलोड. एवढ्या कोंबड्या आणि एकटा माणूस. त्याला असिस्टंट पाहिजे. हे इतकी वर्षं उर्वशीच्या लक्षात कसं आलं नाही?

२० डिसेंबर
बाजारातून असिस्टंट आणला. पांढरा, उंच, पायाला ही एवढी मोठी नखी. विकणारा म्हणाला, "घरी कोंबडा असन तं सोबत सोडू नोका सायेब, हा लय चिडका हाय." चिडका म्हणजे ॲक्टिव्ह. आजची रात्र टोपल्याखाली. उद्या सकाळी ओळख करून देतो. उर्वशीला सरप्राइज.

२१ डिसेंबर, रविवार
लिहवत नाही. तरी लिहितो.
टोपलं उचललं आणि चहा ठेवायला आत आलो. बाहेर फडफड ऐकू आली. वाटलं, ओळख होत आहे. चहात आलं किसून टाकलं. तेवढ्यात ललिताबाईंची ओरड. मी बाहेर गेलो तोपर्यंत त्या फाटकातून आत येऊन पोहोचल्या होत्या, असिस्टंटवर पोतं टाकून त्याला दाबून बसल्या होत्या. मेंबर तुळशीमागे. तुरा फाटलेला, एक डोळा मिटलेला, सोनेरी मान सगळी लाल. पळायचीही ताकद नव्हती त्याच्यात.
ललिताबाई धापा टाकत म्हणाल्या, "काहून आणला भाऊ दुसरा?"
एकही इंग्रजी शब्द सुचला नाही.
मेंबरला खोक्यात घालून स्वयंपाकघरात ठेवलं. असिस्टंटला ललिताबाईच घेऊन गेल्या, परत करायला.
दुपारी उर्वशीचा व्हिडिओ कॉल. मी मोबाईल कोंबड्यांवर धरला. ती म्हणाली, "मेंबर दिसून नाही राहिला?" तोंडातून निघून गेलं की मुंगूस आलं होतं. झडप घातली. मी काठी घेऊन धावलो, म्हणून वाचला.
तिने बाळाचं दुपटं सारखं केलं. मग म्हणाली, "तुमी होते म्हनून बरं झालं."
लग्नाला इतकी वर्षं झाली, हे वाक्य कधी मिळालं नव्हतं. मिळालं तेही असं.

२२ डिसेंबर
मेंबरला गुरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, जखमा भरतील, डोळ्याचं सांगता येत नाही. मग छाती दाबून पाहिली. "हा उपाशी आहे. काय देता खायला?" मी म्हटलं, बॅलन्स्ड फीड. कोणतं ते सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, ते बंद करा, तांदळाची कणी द्या, हातावर द्या. मी म्हटलं, मिसेस बाहेरगावी आहेत.
हे मी कशाला सांगितलं कोण जाणे.

२४ डिसेंबर
मऊ भात, कणी, पाणी. स्वयंपाकघरात पाटावर बसून हातावर देतो. आज त्याने पहिल्यांदा दाणा उचलला. आणि खाल्ला नाही. खाली टाकला आणि बारीक आवाजात टुक-टुक करायला लागला. इथे कोंबड्या कुठल्या? मी म्हटलं, अरे खा बाबा, आता तूच खा. त्याने एका डोळ्याने माझ्याकडे पाहिलं आणि तो दाणा चोचीने माझ्या पायाशी सरकवला.
मी उठून मोरीत गेलो. नळ सोडून उभा राहिलो.
संकल्प : उर्वशी आली की दारातच सगळं खरं सांगणे. पाणी देण्याच्याही आधी.

२७ डिसेंबर
मोनिकाची नणंद रीना मदतीला आली, म्हणून उर्वशी आजच परतली. पिशवी माझ्या हातात दिली आणि सरळ मेंबरजवळ गेली. त्याला मांडीवर घेऊन बसली. मी पिशवी धरून दारातच उभा राहिलो.
प्रवासाने ती दमलेली होती. दमलेल्या माणसाला धक्का देऊ नये. उद्या.

२८ डिसेंबर
सकाळी चहा झाल्या झाल्या उर्वशीने पदर खोचला. "आज भिताडाचे बिळं बुजवून टाकू. मुंगूस एकडाव आलं म्हंजे परत येते."
मी तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. घमेलं उचललं.
परसाच्या भिंतीसाठी विटांचे तुकडे आणले, माती कालवली. ती बसून एकेक बीळ बुजवत पुढे सरकत होती. तिचे गुडघे दुखतात. मी उभा राहून सूचना करत होतो. एका ठिकाणी मी स्वतः दाखवलं, "इथूनही येऊ शकतं." एवढं बोलून झाल्यावर माझं मलाच नवल वाटलं. जे मुंगूस कधी आलंच नाही, त्याचा रस्ता मी बायकोला दाखवत होतो.
मग मी तिला उठवलं आणि स्वतः खाली बसलो. तिने घमेलं घेतलं. दुपार झाली. पाठीचा काटा ढिला झाला. शेवटच्या कोपऱ्यात ती उठता उठता "आई गं" म्हणून गुडघा धरून खालीच बसली.
तेव्हा सांगितलं. सगळं. पोतं, टोपलं, असिस्टंट, आल्याचा चहा. मुंगूस नव्हतं, हे दोनदा सांगितलं.
ती म्हणाली, "माहीत हाय मले. ललिताबाईचा त्याच दिवशी फोन आल्ता."
मी विचारलं, "मग ही बिळं?"
"बुजवाचीच होती. दोन वर्षांपासून सांगून राहिली तुमाले." तिने हात झटकले. "अन् पाहून राहिली होती, सांगता का नाही."
"सांगितलं ना!"
"हो. भिताड सरल्यावर."

३० डिसेंबर
मेंबर परसात फिरू लागला. डोळा गेला. आज सकाळी अर्धवट आरवला. मी कौतुकाने जवळ गेलो, तर तो उर्वशीच्या मागे जाऊन उभा राहिला. ती कणी पाखडत होती. तिने वर पाहिलं नाही.
पुढच्या महिन्यात नातीच्या बारशाला ती परत सिहोऱ्याला जाणार. आठवडाभर तरी राहील. भिंतीशी उभं राहून तिचं आणि ललिताबाईंचं सगळं ठरलं. कोंबड्या ललिताबाई पाहतील. माझा डबाही त्याच देतील. सकाळी मला हाकही मारतील.
मी खुर्चीत बसून ऐकत होतो. मला फक्त एकच विचारलं, पोळ्या किती लागतात. तेही ललिताबाईंनी.
मी तोंड उघडायच्या आत उर्वशीने सांगून टाकलं.